पहिला तास, एसटी आणि क्रेडिट : विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी घनसावंगी तालुक्यातील गावातून रोज एसटीने जालन्याला येतो. गाडी उशिरा पोचते आणि पहिला तास बुडतो. 75 टक्के हजेरी भरेल का?

उत्तर : आधी हिशेब मांडा. क्रेडिट म्हणजे विषयाचा अभ्यासभार मोजण्याचे एकक; थिअरीच्या एका क्रेडिटमागे 15 तास धरतात. म्हणजे दोन क्रेडिटच्या विषयाला सत्रभरात 30 तास मिळतात आणि त्यांतले फार तर सात चुकवता येतात. पहिला तास आठवड्यातून दोनदा त्याच विषयाचा असेल, तर ही सवड महिन्याभरातच संपते. म्हणून त्या विषयाच्या प्राध्यापकांना सत्राच्या शेवटी नव्हे, याच आठवड्यात भेटा. त्याच गाडीने येणाऱ्या सर्वांनी मिळून अर्ज करावा, पंधरा दिवस गाडी सुटण्याच्या व पोचण्याच्या वेळा टिपून तो तक्ता जोडावा आणि प्राचार्यांच्या शिफारसपत्रासह आगार व्यवस्थापकांना द्यावा. ‘गाडी नेहमी उशिरा येते’ एवढेच लिहिलेले अर्ज कुठे जातात, हे मी बरीच वर्षे पाहत आलो आहे. रोज काळीपिवळीने येणे मात्र परवडणार नाही, कारण एसटीच्या सवलतीच्या पासाला भाड्याच्या एक तृतीयांशच रक्कम लागते.

प्रश्न : आईवडील ऊसतोडीला जातात. यंदा वडील आजारी आहेत, त्यामुळे पहिल्या वर्षानंतर मला थांबावे लागेल. शिकलेले वाया जाईल का? (विद्यार्थिनी, बीड जिल्हा)

उत्तर : वाया जाणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार पहिल्या वर्षाचे किमान 40 क्रेडिट आणि त्यांच्या जोडीला चार क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम पूर्ण केला, तर प्रमाणपत्र मिळते. तीन वर्षांच्या आत परत येऊन पुढचे शिक्षण घेता येते, मात्र पदवी एकूण सात वर्षांत पूर्ण करावी लागते. मिळवलेले क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधील (विद्यार्थ्यांचे क्रेडिट साठवणाऱ्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेतील) आपल्या खात्यात जमा झाले आहेत ना, आणि आधारवरील नाव व गुणपत्रिकेवरील नाव अक्षरशः सारखे आहे ना, एवढे जाण्यापूर्वी पाहून घ्या. आडनावातील एका वेलांटीसाठी विद्यापीठात खेटे घालणारी मुले मी पाहिली आहेत. तत्पूर्वी ‘कमवा व शिका’ योजनेची चौकशी करा. ग्रंथालयातील किंवा कार्यालयातील रोजच्या दोन-तीन तासांच्या कामातून मेसचा काही भार तरी हलका होतो, आणि थांबण्याची वेळ कदाचित येणारही नाही.

प्रश्न : वसतिगृहात नंबर लागला नाही. आता काय करावे?

उत्तर : बाहेर राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी सरकारी मदत मिळते : अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, अनुसूचित जमातींसाठी स्वयम् योजना आहे आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा आणि बँक खाते आधारशी जोडलेले असू द्या. मंजूर झालेली रक्कम इथेच अडकते.

प्रश्न : बारावीपर्यंत मराठीतून शिकलो, आता रसायनशास्त्राचे तास इंग्रजीत होतात. काहीच समजत नाही.

उत्तर : तासाच्या आदल्या रात्री त्या घटकातील दहा शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ वहीत लिहून न्या, आणि प्रयोगशाळेत जर्नल दुसऱ्याच्या वहीतून उतरवण्याऐवजी द्रावणाचा रंग नेमका कधी बदलला ते स्वतः मोडक्या इंग्रजीत लिहा. व्याकरण नंतर दुरुस्त करता येते.