मे महिन्यात राजगड ते तोरणा एका दिवसात जमेल का? पाणी किती न्यावं?

जमतं, पण घड्याळाकडे बघत चालायची तयारी हवी. राजगडाच्या पायथ्याचं गुंजवणे ते तोरण्याच्या पायथ्याचं वेल्हे साधारण २० किलोमीटर, १० ते १२ तास. आधी असे मोठे ट्रेक केले नसतील तर सरळ डिसेंबरपर्यंत थांबा.

पहाटे ४ ला गुंजवण्यातून निघा, डोक्याला टॉर्च लावून. चोर दरवाजाने साडेसहापर्यंत पद्मावती माचीवर पोचता. बालेकिल्ला या दिवशी सोडा, त्यात नेमका गार वेळ खर्च होतो. थेट संजीवनी माची गाठा आणि साडेसात-आठपर्यंत अळू दरवाजातून बाहेर पडा.

इथून तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत धारेवरची वाट. दोन्ही अंगांनी ढोरवाटा खालच्या गावांकडे फुटतात आणि त्या मुख्य वाटेपेक्षा ठळक दिसतात, लोक तिथेच चुकतात. वाट सतत उतरायला लागली की मागे फिरा. सकाळभर ऊन पाठीवर असतं, म्हणून मान झाकणारी टोपी किंवा उपरणं घ्या. मेच्या मध्याला दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि वाळलेल्या कारवीखाली सावली अशी मिळतच नाही.

मधल्या खिंडीत वेल्हे–भुतोंडे डांबरी रस्ता आडवा येतो. माझ्या मते सगळा बेत या रस्त्याभोवती आखावा. १० च्या आत तिथे पोचलात, माणशी २ लिटर पाणी शिल्लक आहे आणि कुणाच्या पोटऱ्यांत गोळे आलेले नाहीत, तरच पुढे जा. नाहीतर रस्त्याने वेल्ह्याला उतरा. यापुढे असा सोपा सुटकेचा रस्ता नाही, आणि बुधल्याची चढण ऐन उन्हात येते.

त्या चढणीवर घसारा आणि वाळलं गवत. गवतावर पाय सटकतो, म्हणून पाऊल उघड्या मातीवर किंवा दगडावर टाका आणि दोघांत अंतर ठेवा, वरच्याच्या पायाखालचा धोंडा खालच्याला लागतो. वरच्या लोखंडी शिडीला दुपारी हात लावता येत नाही. जुने सुती हातमोजे सोबत असू द्या. कातळात मोहोळं असतात, तेव्हा अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको.

आता पाणी. पायथ्यापासूनच माणशी ४ लिटर, आणि प्यायलेलं पद्मावती मंदिराजवळच्या टाक्यातून भरून घ्यायचं: फडक्याने गाळून, क्लोरीनची गोळी टाकून, अर्धा तास थांबून. शनिवार-रविवारी वाटेत ताक-सरबत मिळतं, पण त्या भरवशावर पाणी कमी नेऊ नका. नुसतं पाणी ढोसूनही चालत नाही, घामाबरोबर मीठ जातं. ४ पैकी १ लिटर ओआरएसचं करा. मोठं पाकीट पूर्ण एक लिटरात घालायचं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतलं की द्रावण दाट होतं आणि मळमळतं. दर वीस मिनिटांनी चार घोट, तहानेची वाट न बघता. खायला दशम्या, शेंगदाणे-गूळ, काकडी. भाताचा डबा उन्हात आंबतो.

कुणी असंबद्ध बोलायला लागला, किंवा अंग तापलेलं असून घाम थांबला, तर तो थकवा नाही, उष्माघात आहे. चालणं बंद, असेल त्या आडोशाला बसवा, राखीव पाणी कपड्यांवर ओतून वारा घाला आणि लगेच मदत बोलवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

वर्षभर माळ्यावर पडलेले बूट घालू नका. तापल्या कातळावर तळाचा गोंद सुटतो. जास्तीची एक नाडी पिशवीत टाका, निघालेला तळ बांधायला.

दुपारी ढग भरून आले तर वळवाआधी विजा येतात, तेव्हा माचीच्या टोकावर आणि शिडीपाशी रेंगाळू नका. तोरण्यावरच्या मेंगाई मंदिरावरून बिनी दरवाजाने वेल्ह्यात उतरायला दोन तास धरा, अंधाराआधी खाली हवं. गाडी आदल्या रात्रीच वेल्ह्यात लावा आणि ठरवलेल्या जीपने गुंजवण्याला जा. संध्याकाळी उतरल्यावर एसटीची खात्री नसते.