तिसऱ्यांदा नीट? मी नाही समजावणार

पत्र, सिडको, नाशिक: मुलगी गेल्या वर्षी बारावी झाली, नीट दोनदा दिली, यंदाही मार्क कमीच. आता म्हणते केमिस्ट्री करून प्रोटीनमध्ये धातूचे नॅनोपार्टिकल, म्हणजे अतिसूक्ष्म कण, बसवायचा रिसर्च करणार. मी अंबडला फार्मा कंपनीत हायड्रोजनेशनला (रेणूंना हायड्रोजन जोडायच्या कामाला) आहे, हे बायोटेकचं खूळ आहे, नोकरी नाही हे मला कळतं. हल्ली घरात बोलत नाही, जेवणाचं ताट खोलीत नेते, पण अभ्यास चालूय. तिसऱ्या अटेम्प्टसाठी तिला समजवा.

उत्तर: भाऊ, मी नाही समजावणार. मार्क राहू द्या बाजूला, पोरगी घरात बोलत नाही, सगळ्यांसोबत जेवायला बसत नाही आणि तुम्ही ते एका ओळीत उरकून वर "पण अभ्यास चालूय" लिहिता, याची मला जास्त काळजी वाटली. आणि एवढ्या पत्रात तिला स्वतःला डॉक्टर व्हायचंय असं कुठेच नाहीये हो. हे असंच चालू राहिलं, झोपही बिघडली असेल, तर क्लासच्या आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा, लोक काय म्हणतील ते म्हणू देत.

आता ते "बायोटेकचं खूळ". खरं तर हे तुमच्याच डिपार्टमेंटचं काम आहे. पॅलेडियम ऑन कार्बन, म्हणजे कार्बनवर पॅलेडियम धातूचे कण बसवलेला कॅटॅलिस्ट (रिॲक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ), त्याची ती काळी पावडर तुम्ही रोज बघता, ओली ठेवावी लागते, वापरून झालेली सुकू दिली तर पेट घेते, हे मी तुम्हाला काय सांगणार. त्यात कार्बनचं काम काय, तर धातूचे बारीक कण एकमेकांना चिकटू न देणं, कारण गोळा झाला की पृष्ठभाग कमी आणि कॅटॅलिस्ट थंड. तुमची मुलगी कार्बनच्या जागी प्रोटीन घेऊ म्हणतेय, एवढंच. आपल्या शरीरात लोह साठवणारं फेरिटिन असतं ना, त्याचे 24 तुकडे आपोआप जुळून पोकळ गोळा होतो, बाहेरून साधारण 12 नॅनोमीटर, आतून 8. लोह काढून टाकायचं, पॅलेडियमचे आयन आत जाऊ द्यायचे, मग रिड्यूस करायचे, म्हणजे त्यांचा परत धातू करायचा, की कण आतच तयार होतो आणि पोकळीपेक्षा मोठा होऊच शकत नाही. जपानी संशोधकांनी 2004 मध्ये असाच कण वापरून हायड्रोजनेशन करून दाखवलंय, आणि गोळ्याची छिद्रं इतकी बारीक की छोटे रेणू पटकन आत जातात, मोठे अडखळतात. कार्बनला हे जमत नाही.

बाकी खोटी आशा देत नाही. बहुतेक प्रोटीन उष्णतेत आणि सॉल्व्हंटमध्ये बिघडतात, त्यामुळे हे अजून लॅबमधलंच काम आहे, या नावाची पोस्ट अंबड-सातपूरला निघणार नाही. पण पाया कॅटॅलिसिसचा, म्हणजे कॅटॅलिस्टच्या शास्त्राचा आहे, आणि तो कुठे विकला जातो हे तुमचा पगारच सांगतो. फक्त नावात "नॅनो" आहे म्हणून कुठल्या महागड्या कोर्सला पैसे भरू नका, साधी केमिस्ट्री पक्की करू दे.

आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची आयएटी ही प्रवेश परीक्षा बारावीनंतर ठरावीक वर्षंच देता येते, तिला अजून देता येईल का ते त्यांच्या साइटवर बघा. नाहीतर नाशिकच्याच केटीएचएम किंवा आरवायके कॉलेजला बीएस्सी केमिस्ट्री, नंतर एमएस्सीसाठीची जॅम परीक्षा, झालं.

पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही वाचायचं नाही. आणि तिसऱ्या अटेम्प्टची फी भरून बसला असाल तर रिफंड मागा, मिळो न मिळो, बीएस्सीच्या ॲडमिशनची तारीख मात्र चुकवू नका.