पहिल्यांदाच फॉरेन्सिक थ्रिलरवर अभिप्राय लिहिताय?

पहिलाच अभिप्राय आणि तोही नव्या लेखकाच्या पहिल्या कादंबरीवर, हे फार छान. बिनधास्त लिहा. सुरुवातीला मोजक्या गोष्टी सांभाळल्या की पुरे.

रहस्य फोडू नका. खुन्याचं नाव न घेताही ते फुटतं. 'शेवटी सगळा डाव उलटतो' एवढ्यानेही चाणाक्ष वाचक सावध होतो.

'खिळवून ठेवणारी', 'उत्कंठावर्धक' एवढ्यावर थांबू नका, नेमकं कुठे खिळलात ते दाखवा. शवविच्छेदनाच्या प्रसंगातून तपास पुढे सरकतो, की नुसती माहिती अंगावर येते? नवे लेखक बहुधा इथेच घसरतात. केलेला सगळा अभ्यास त्यांना पानावर ओतायचा असतो.

शास्त्रातली चूक दाखवायची तर आधी पडताळा. नवखे समीक्षक इथे घाई करतात. मृत्यूनंतरचा ताठरपणा साधारण २ ते ४ तासांत जबडा आणि मानेत जाणवू लागतो, पण उष्णतेत लवकर येतो, थंडीत उशिरा. तेव्हा कादंबरीतला डॉक्टर केवळ त्यावरून मृत्यूची वेळ मिनिटापर्यंत छातीठोकपणे सांगत असेल, तर खुशाल बोट ठेवा. ल्युमिनॉलचंही, म्हणजे रक्ताचे डाग शोधायला फवारतात त्या रसायनाचंही, तसंच: ते रक्ताशिवाय ब्लीचमुळेही चमकतं.

पहिलं पुस्तक म्हणून उगाच सांभाळून घेऊ नका आणि गाजलेल्या लेखकांशी तुलना करून झोडपूही नका. निवेदनतंत्र, उपकथानकांची वीण वगैरे सध्या बाजूला ठेवा. लिहून झालं की जरूर दाखवा, मी आवर्जून वाचेन.