प्रार्थना करूनही मन शांत होत नाही, माझा विश्वास कमी पडतोय का?

नाही. 'विश्वास कमी पडतोय' हे तीन शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं, म्हणून लिहायला बसले. घरात एकामागून एक संकटं येतायत असं तुम्ही लिहिलंय, तर माझंही ऐका.

आमच्या ह्यांच्या किडन्या निकामी झाल्या त्याला पाच वर्षं झाली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. पहिल्याच महिन्यात थोरल्या नणंदबाई नगरहून आल्या, येताना पुरणपोळ्या घेऊन (पुरणाची डाळ ह्यांना वर्ज्य, पण असो). जेवणं झाल्यावर पर्समधून बायबल काढलं आणि फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय ४, वचन ६ वाचलं: 'कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका.' मग मला म्हणाल्या, "चिंता म्हणजे अविश्वास गं. तू रडतेस, म्हणून त्याला गुण येत नाही." मी तेव्हा ह्यांचं दिवसाचं पाणी मापून बाटलीत भरत होते. चहा, आमटी, दही, सगळं त्या मापात धरायचं असतं. माप हातात तसंच राहिलं. एक शब्द बोलले नाही, आणि ते न बोलणं अजून टोचतं.

आज बोलते. प्रेषित पौलाने ते पत्र कैदेत असताना लिहिलंय. बेड्या पडलेल्या माणसाने ते लिहावं, त्याला वजन आहे. पोळी खाऊन हात पुसत वाचलं की त्याचा टोमणा होतो. लाजराच्या कबरेपाशी येशू रडला, तेही त्याला मेलेल्यातून उठवायच्या आधी. वधस्तंभावर 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' म्हणाला, ती २२ व्या स्तोत्राची सुरुवात. त्याचाही विश्वास कमी होता का, ताई? ८८ वं स्तोत्र तर अंधारावरच संपतं. तरी शास्त्रात आहेच ना!

मला शांती भेटली ती ह्यांच्या मनगटापाशी. डायलिसिससाठी हातातली धमनी शिरेला जोडतात, फिस्टुला म्हणतात त्याला. तिथे बोटं टेकली की मांजर घुरघुरावं तसं लागतं. ते रोज तपासायचं, थांबलं तर तडक दवाखाना गाठायचा, असं सिस्टरांनी शिकवलंय. रात्री ह्यांचा डोळा लागला की मी बोटं ठेवते आणि २३ वं स्तोत्र पुटपुटते. 'मृत्युच्छायेच्या दरीतून' इथे आजही अडखळते. दरी चुकेल असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. 'तू माझ्याबरोबर आहेस', बस्स. घुरघुर लागते, मग मला झोप येते.

हे पुटपुटणं सासूबाईंकडून आलं. त्या तांदूळ निवडताना ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणायच्या. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. घर मोडल्याचं दुःख ठाऊक असलेल्या माणसाचे शब्द आहेत ते, गाताना पोकळ लागत नाहीत.

तुम्ही काय करावं? एखादं स्तोत्र पाठ करा, भांडखोर असलं तरी चालेल, आणि मोठ्याने म्हणा. मंडळीत साक्ष द्यायला उभं करणाऱ्यांना सध्या टाळा. औषधं सोडून नुसती उपास-प्रार्थना करा म्हणणाऱ्याला दार दाखवा. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.

हेही सांगायला हवं की पहिल्या वर्षी निम्मा खर्च नणंदबाईंनीच उचलला. आणि आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जगणं नको वाटत असेल, तर स्तोत्राच्या आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. पाळकसाहेबांना नंतर सांगितलं तरी चालतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी नणंदबाईंचं वचन येतं. आजचं परत तेच, चिंताक्रांत होऊ नका. मी अंगठा पाठवला आणि ह्यांचा डबा भरायला घेतला. आज डायलिसिसचा वार.