यकृताचा कर्करोग घरात झालाय, आता जनुकांच्या रिपोर्टला किती घाबरायचं?

प्रश्न : माझं वय ३६. वडील यकृताच्या कर्करोगाने गेले, त्यांना हिपॅटायटिस बी होता. मोठ्या भावाची एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची लागण दाखवणारी) चाचणी पॉझिटिव्ह आली, मग माझीही आली. मला त्रास काहीच नाही. धास्तीपोटी एका खासगी लॅबकडून जनुकांची तपासणी करून घेतली. रिपोर्टमध्ये ‘पीएनपीएलए३ : दोन्ही प्रती जोखमीच्या, यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढलेला’ असं लिहिलंय. तेव्हापासून झोप उडाली आहे. मला कर्करोग होणारच का? सहा वर्षांच्या मुलीचीही हीच तपासणी करू का?

उत्तर : ताई, आधी मुलीचं बोलू. तिची जनुकं तपासू नका. तिची एचबीएसएजी आणि अँटीबॉडीची साधी रक्तचाचणी करा आणि हिपॅटायटिस बीच्या लशीचे सगळे डोस झालेत का ते लसीकरणाच्या कार्डावर बघा. तुमच्या यजमानांचंही तेच करा. लागण नसेल आणि लस घेतलेली नसेल, तर या आठवड्यात सुरू करा.

आता तुमचा रिपोर्ट. यकृताच्या पेशीत चरबीचे बारीक थेंब असतात. पीएनपीएलए३ या जनुकापासून बनणारं प्रथिन या थेंबांवर बसतं. या प्रथिनात १४८व्या जागी आयसोल्युसिन या अमायनो आम्लाऐवजी मेथिओनिन हे दुसरं आलं, की ते थेंबावरच साचून राहतं आणि चरबी नीट मोडली जात नाही. हा बदल फॅटी लिव्हरशी जोडलेला आहे हे २००८ मध्ये कळलं. दारू किंवा चरबीमुळे बिघडलेल्या यकृतातल्या कर्करोगाशी त्याचं नातं पक्कं आहे, हिपॅटायटिस सीमध्ये ते कमी दिसतं आणि बीच्या बाबतीत त्याहूनही कच्चं. रिपोर्टमध्ये मात्र सरसकट ‘धोका वाढलेला’ छापून मोकळे होतात. कोणाला, कशामुळे, किती, हे काही नाही. पेशंटची झोप उडवणाऱ्या अशा ओळींचा मला मनापासून राग येतो.

बीच्या विषाणूशी संबंधित जनुकंही शोधली गेली आहेत. आपल्या प्रतिकारशक्तीशी संबंधित एचएलए-डीपी या जनुकांच्या भागातल्या फरकांचा विषाणू शरीरात कायम ठाण मांडण्याशी संबंध असल्याचं २००९ मध्ये जपानमधल्या संशोधनातून पुढे आलं. २०१० मध्ये चीनमधल्या संशोधकांनी केआयएफ१बी जनुकातला एक फरक थेट कर्करोगाशी जोडला, पण नंतर इतर गटांत तो पडताळून पाहिला तेव्हा तसा संबंध सापडला नाही. म्हणून या चाचण्यांवरून मी कुणाचे उपचार ठरवत नाही.

वडील, भाऊ आणि तुम्ही, तिघांचं बघून ‘आमचं रक्तच तसं’ असं तुम्ही धरून चाललाय. पण अशा घरांत बहुतेक वेळा पुढच्या पिढीकडे जातो तो विषाणू. जन्माच्या वेळी लागण झालेल्या दहातल्या सुमारे नऊ बाळांत तो कायमचा राहतो. मोठेपणी लागण झाली तर शंभरात पाचांपेक्षाही कमी लोकांत. त्यामुळे दोन भावंडं पॉझिटिव्ह दिसली की मी पहिल्यांदा आईची चाचणी मागते. तुमच्या पत्रात आईचा उल्लेखच नाही. त्यांची आणि बाकीच्या सख्ख्या भावंडांची चाचणी राहिली असेल, तर ती तुमच्या जनुकांच्या रिपोर्टपेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे.

जनुकांचंच बघायचं तर विषाणूची बघावीत. त्याच्या जनुकसंचात १७६२ आणि १७६४ या जागांवर बदल झाले असतील, किंवा विषाणू सी जीनोटाइपचा (जनुकीय उपप्रकाराचा) असेल, तर धोका जास्त असतो. पण रोजच्या कामात सगळ्यात उपयोगी पडतो तो व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण. तैवानमध्ये साडेतीन हजारांहून जास्त लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासात (२००६) रक्तातला विषाणू जितका जास्त, तितका कर्करोग जास्त असं स्पष्ट दिसलं. आणि व्हायरल लोड टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर या विषाणूरोधक औषधाच्या गोळीने खाली आणता येतो. जनुक बदलता येत नाही.

तेव्हा व्हायरल लोड, एचबीईएजी (विषाणूच्या वाढीची रक्तचाचणी), एएलटी (यकृताला सूज आहे का ते सांगणारी रक्तचाचणी) आणि फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) करून यकृततज्ज्ञांना दाखवा. गोळी आत्ता लागेल की नाही ते त्यावर ठरेल. वडिलांना कर्करोग झाला होता हे न विसरता सांगा, कारण त्याने तुमचा आणि भावाचा धोका खरोखर वाढतो. दोघांनीही वय न बघता दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी (यकृताच्या कर्करोगाचा अंदाज देणारी रक्तचाचणी) सुरू करा. बीचा विषाणू आपला डीएनए आपल्या पेशीच्या डीएनएत घुसवू शकतो. त्यामुळे सिरॉसिस (यकृत कायमचं कडक, व्रणांनी भरलेलं होणं) नसतानाही गाठ होऊ शकते आणि ‘यकृत तर चांगलं आहे’ म्हणून तपासणी टाळता येत नाही. सोनोग्राफीच्या कागदावर ‘फोकल लीजन’ (एका जागी दिसणारी गाठ किंवा डाग) हे शब्द शोधा. त्याआधी ‘नो’ असेल, तर पुढची तारीख लगेच ठरवून टाका. एखादी गाठ दिसलीच, तर सीटी किंवा एमआरआय करतात. एक-दोन सेंटिमीटरची असताना सापडली तर ती काढता येते किंवा जाळता येते.

आणि त्या पीएनपीएलए३चा उपयोग एवढाच, की दारूला हात लावू नका, आणि वजन किंवा साखर वाढत असेल तर आत्ताच आवरा.