गंजलेला ब्रेक पाइप: रंगवायचा, जोडायचा की बदलायचा?

पाऊस उघडला की गाड्या रॅम्पवर चढतात आणि चार महिने कुणी न पाहिलेला खालचा भाग उजेडात येतो. त्यामुळे वाचकांच्या यावेळच्या प्रश्नांत जुन्या गाड्यांच्या ब्रेक पाइपचेच, म्हणजे पेडलचा दाब ब्रेक ऑइलमार्फत चाकांपर्यंत नेणाऱ्या धातूच्या नळ्यांचेच, प्रश्न जास्त आहेत. बाकीचे पुढच्या वेळी घेऊ.

माझी २००४ ची मारुती ८०० आहे. सर्व्हिसिंगला मागच्या ब्रेक पाइपवर गंज दिसला. एक मिस्त्री म्हणतो, पॉलिश पेपर मारून रंग द्या. दुसरा म्हणतो, सगळे पाइप बदला. ब्रेक तर एकदम व्यवस्थित लागतात. कुणाचं ऐकू? (गडहिंग्लज)

‘ब्रेक व्यवस्थित लागतात’ हा मुद्दा आधी बाजूला ठेवा. पाइपच्या भिंतीची जाडी किती उरली आहे हे पेडलला कळत नाही. नव्या पाइपमध्ये ही जाडीच मुळात ०.७ मिलिमीटरच्या आसपास असते. त्यातली निम्मी गंजाने खाल्ली तरी रोजच्या हलक्या ब्रेकला पाइप तग धरतो. उसाची ट्रॉली अचानक आडवी येते, तुम्ही जीव खाऊन पेडल दाबता, तेव्हा आतला दाब १०० बारपर्यंत जातो. टायरमध्ये आपण जेमतेम दोन बार हवा भरतो. पाइप फुटायचा तो अशाच वेळी फुटतो.

आता तपासायचं कसं? पाइपवरचा चिखल धुऊन काढा आणि बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. तांबूस थर निघून खाली गुळगुळीत पाइप लागला, तर तो वरवरचा गंज आहे. तिथे रंग दिला तरी चालेल. नख फिरवल्यावर खड्डे लागले, खपल्या निघाल्या किंवा एखाद्या जागी पाइप फुगलेला दिसला, तर तो पाइप संपला. त्यावर रंग देणं म्हणजे पुढच्या मिस्त्रीपासून दुखणं लपवणं.

तुमच्या दोन्ही मिस्त्रींना एक प्रश्न विचारा: क्लिपा सोडून पाहिलं का? उघड्यावरचा पाइप वाऱ्याने सुकतो. क्लिपेखाली चिखल अडकतो आणि पाऊस संपला तरी तिथे ओल राहते. मी पाहिलेले बहुतेक फुटलेले पाइप क्लिपेखाली, पेट्रोल टाकीच्या वरच्या अंगाला किंवा मागच्या अॅक्सलजवळ गेलेले होते. मधला दोन-तीन फूट पाइप मात्र चकचकीत असतो आणि गिऱ्हाइकाला नेमका तेवढाच दाखवला जातो.

थंड देशांत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे हे पाइप फार लवकर जातात. आपल्याकडे तो प्रकार नाही. पण गाडी मालवण-रत्नागिरीकडून सेकंडहँड घेतलेली असेल, तर खाऱ्या हवेने तेच काम करून ठेवलेलं असतं. तुमची तशी असेल तर दुसऱ्या मिस्त्रीचं ऐका.

पाइप एकाच ठिकाणी पाझरतोय. तेवढा तुकडा कापून पितळी जॉइंट टाकून देतो, असं गॅरेजवाले म्हणतात. खर्च किरकोळ आहे. करून घेऊ का? (इचलकरंजी)

कुठला जॉइंट, यावर सगळं आहे. पाण्याच्या किंवा गॅसच्या नळीला रिंग आवळून बसवतात तो कॉम्प्रेशन जॉइंट असेल, तर त्याचा नाद करू नका. तो ब्रेकच्या दाबासाठी बनवलेलाच नसतो. पाइप त्यातून निसटू शकतो, तोही एका क्षणात. झाळ मारून भोक बुजवणं त्याहून वाईट.

पाइपच्या दोन्ही टोकांना नीट फ्लेअर मारून, म्हणजे तोंड पसरवून, ब्रेकचाच युनियन (जोडणारा तुकडा) टाकला, तर तांत्रिकदृष्ट्या ते चालतं. पण एका जागी पाझरलेला पाइप बाकीच्या जागी तेवढ्याच वयाचा आहे, तेवढाच पाऊस त्याने खाल्लाय. शिवाय जॉइंट करायला जुन्या पाइपला फ्लेअर मारावा लागतो आणि गंजलेलं टोक तिथेच चिरतं. मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर दाब तयार करतो तो) मागच्या होजपर्यंत, म्हणजे रबरी नळीपर्यंत, अखंड पाइप टाका. मजुरीत फार फरक पडत नाही, कारण गाडी वर घेणं, एअर काढणं (ब्रेक ऑइलमध्ये अडकलेली हवा बाहेर काढणं) हे दोन्हीकडे सारखंच.

मी एसी-फ्रिजची कामं करतो. तांब्याची नळी आणि फ्लेअरिंग टूल घरातच आहे. स्वतःच्या जुन्या गाडीला तीच नळी वापरली तर? (शिरोली)

हात तयार आहे, साहित्य चुकीचं आहे. शुद्ध तांबं मऊ असतं. सततच्या कंपनाने ते कडक होत जातं आणि मग फ्लेअरच्या मुळाशी तडा जातो. फ्रिजमागे नळी जागेवर स्थिर असते, गाडीखाली ती रात्रंदिवस थरथरते.

तुम्हाला हवा तो कॉपर-निकेल पाइप. त्यात साधारण दहा टक्के निकेल आणि थोडं लोखंड असतं. तो गंजत नाही, हाताने वाकतो आणि दाबही सोसतो. तो मिळाला नाही, तर कोटिंगवाला स्टीलचा ब्रेक पाइप घ्या. बहुतेक छोट्या गाड्यांना बाहेरून ४.७५ मिलिमीटरचा लागतो, तरी जुना पाइप मोजूनच घ्या.

तुमचं टूलही तपासा. एसीच्या नळीला एकपदरी फ्लेअर चालतो. ब्रेकला दुपदरी लागतो, म्हणजे पाइपची कड आत दुमडून दोन थर होतात. काही गाड्यांना बबल फ्लेअर असतो, बटणासारखा गोल. दोघांची बसायची जागा वेगळी असते. एकाच्या जागी दुसरा आवळला, तर थोडे दिवस धरेल आणि मग पाझरेल. जुनं टोक समोर ठेवून तसाच फ्लेअर करा.

कापायला हॅकसॉ नको, पाइप कटर घ्या. कटरने आत आलेली धार काढा, बाहेरची कडही किंचित घासा. मग पाइप टूलच्या डायमध्ये, म्हणजे पकडीत, धरा. तो डायच्या वर किती काढायचा, ते अॅडॉप्टरच्या (पाइपच्या तोंडात बसणारा टूलचा छोटा तुकडा) खांद्याच्या उंचीवरून ठरतं. कमी राहिला तर कड दुमडत नाही, जास्त राहिला तर फ्लेअर एका बाजूला कलतो. आधी अॅडॉप्टर दाबा, पाइपचं तोंड फुगेल. अॅडॉप्टर काढून शंकू दाबा, कड आत जाईल. फ्लेअर एकसारखा गोल हवा, त्यावर चीर नको. हे सगळं करण्याआधी नट पाइपवर ओवलाय ना, ते बघा. सुरेख फ्लेअर झाल्यावर नट टेबलावरच राहिलेला दिसतो. प्रत्येक गॅरेजमध्ये हे होतं आणि प्रत्येक जण तो दुसऱ्याचा किस्सा म्हणून सांगतो.

जुना पाइप लगेच भंगारात टाकू नका. त्याच्या बाकांवर बाक ठेवून नवा वाकवा. मास्टर सिलिंडरजवळ कंपनीने पाइपला वेटोळं दिलेलं असेल तर तेही द्या. इंजिनाचं हादरणं ते झेलतं. मूळच्या सगळ्या क्लिपा परत लावा, सायलेन्सरपासून अंतर ठेवा आणि बसवण्याआधी पाइपमधून हवा मारून आतला कीस काढा.

व्हील सिलिंडरवरचा (चाकातल्या ब्रेकच्या सिलिंडरवरचा) पाइपचा नट हलत नाही. फिक्स पान्याने त्याचे कोपरे गोल झाले. (कागल)

फिक्स पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो. ब्रेकच्या नटाला फ्लेअर नट पाना घ्या, त्याला पाइपपुरती फट असते आणि बाकी सगळ्या बाजूंनी तो पकडतो. तुमच्या नटाचे कोपरे आता गेलेत आणि पाइप तसाही बदलायचा आहे, तेव्हा पाइप नटाजवळ कापून टाका आणि षटकोनी सॉकेट ठोकून बसवा. आदल्या रात्री डब्ल्यूडी-४० मारून ठेवा. गॅसची ज्योत लावू नका. ब्रेक ऑइल पेट घेतं, पेट्रोल टाकी शेजारीच असते आणि सिलिंडरमधलं रबर तर नक्की जळतं.

एअर काढायचं निप्पल आधी सुटतंय का, हे पाइपला हात लावण्यापूर्वीच बघा. ते तुटलं तर व्हील सिलिंडरही बदलावा लागेल.

सगळे पाइप नवे टाकले, दोनदा एअर काढली, तरी पेडल खाली जातं. मिस्त्री म्हणतो, आता मास्टर सिलिंडर गेला. आधी तर चांगला होता! (कोल्हापूर, राजारामपुरी)

मिस्त्री खोटं बोलत असेल असं नाही, पण आधी पेडल काय सांगतंय ते ऐका. लागोपाठ दोनदा दाबल्यावर पेडल वर येऊन कडक होत असेल, तर बहुधा मागचे ड्रम सेट करायचे राहिलेत. लायनर (ड्रमला घासून ब्रेक लावणाऱ्या पट्ट्या) ड्रमपासून लांब असले की पहिलं दाबणं तिथपर्यंत पोहोचण्यातच जातं. स्पंजसारखं लागत असेल तर एअर आहे. पाय ठेवून धरल्यावर पेडल सावकाश खाली सरकत असेल आणि बाहेर कुठेच गळत नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर गेलंय.

‘आधी चांगला होता’ हेही खरं असू शकतं. रोजच्या वापरात पिस्टन सिलिंडरच्या अर्ध्याच भागात फिरतो. पुढच्या भागात वर्षानुवर्षांचा गाळ आणि गंज साठतो. एअर काढताना पेडल फ्लोअरपर्यंत हाणलं की रबर त्या खरखरीत भागावरून जातं आणि फाटतं. म्हणून जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून एअर काढायची.

एअर साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून काढत येतात, पण काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो. मॅन्युअलमध्ये असेल तो पाळा. ब्रेक ऑइलची डबी मध्येच रिकामी होऊ दिलीत, तर पहिल्यापासून सुरुवात. एबीएसच्या गाडीत युनिटमध्ये हवा अडकली, तर काही वेळा स्कॅनर लावूनच ती निघते.

शेतावर जुनी जीप आहे. पाइप जुनेच आहेत. वर्षातून दोन-तीनदा करूळ घाटाने खाली कोकणात जातो. एवढ्या कमी वापराला खर्च करावा का? (गगनबावडा)

उभ्या गाडीचे पाइपही गंजतात आणि तुमच्याकडचा पाऊस मी तुम्हाला काय सांगायचा! त्यात बऱ्याच जुन्या जीपांना एकच सर्किट असतं. नव्या गाडीत एक पाइप फुटला तरी दोन चाकांचा ब्रेक उरतो. तुमच्या जीपमध्ये कुठलाही एक पाइप फुटला की चारही चाकं मोकळी. पाइप, तिन्ही होज सगळं बदला आणि जमलं तर दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवून घ्या. जुन्या जीपचे नट इंचाच्या आट्यांचे असतात, त्यात मारुतीचा नट जबरदस्तीने फिरवू नका. आटे मोडतील. हे होईपर्यंत घाट उतरू नका, खालच्या गिअरमध्येसुद्धा.

डॉट ३ ब्रेक ऑइलच्या गाडीत डॉट ४ चालेल का? मागच्या वर्षीची अर्धी बाटली उरली आहे. (जयसिंगपूर)

डॉट ४ चालेल. डॉट ५ नको, ते सिलिकॉनचं असतं. उरलेली बाटली मात्र वापरू नका. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी शिरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. तेच पाणी पाइप आतून गंजवतं. दर दोन वर्षांनी नवं, सीलबंद बाटलीतलं टाका. ओतताना बॉनेटवर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. ब्रेक ऑइलने रंग उचलला जातो.