खरा ख्रिस्ती कोणत्या पक्षाला मत देतो?

मूळच्या मिरजेच्या, आता टोरंटोजवळ राहणाऱ्या एका ताई लिहितात: "आमच्या चर्चच्या ग्रुपवर 'खरा ख्रिस्ती अमुकच पक्षाला मत देईल' असे मेसेज फिरतात. मुलगा यंदा पहिल्यांदा मतदान करणार. तो विचारतो, दुसऱ्याला दिलं तर मी ख्रिस्ती नाही का? मिरजेहून पप्पा म्हणतात, राजकारणाच्या भानगडीत पडूच नका. काय सांगू?"

ताई, जय ख्रिस्त. तो मेसेज मला साफ अमान्य आहे. कैसराचं, म्हणजे रोमन सम्राटाचं, कैसराला द्या, असं प्रभूने सांगितलं ते कराच्या नाण्याबद्दल. कर भरायचा, कायदा पाळायचा. पण विवेक देवाचा, त्यावर कुठल्याच पक्षाचा शिक्का नको. 1934 मध्ये बार्मेन इथे जमलेल्या जर्मन ख्रिस्ती लोकांनी हेच ठणकावलं होतं, तेही हिटलरच्या राज्यात.

पप्पांची काळजी मी समजू शकते, पण त्यांना यिर्मयाचा 29 वा अध्याय वाचून दाखवा. बाबेलात बंदिवान झालेल्यांना देव सांगतो: घरं बांधा, बागा लावा, त्या नगराचं भलं बघा, त्यासाठी प्रार्थना करा. शत्रूचं नगर होतं ते! आणि मिरजकरांना हे वेगळं सांगायला हवं का? 1894 मध्ये मिरजेत दवाखाना उभा करणारे डॉ. वानलेस जन्माने कॅनडाचेच. साताऱ्यात ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी ख्रिस्ती होते, तरी अल्पसंख्याकांना विधिमंडळात राखीव जागा नकोत, या बाजूने ते उभे राहिले. आपल्याच लोकांपुरतं पाहणं त्यांना पुरेसं वाटलं नाही.

आता मुलाचं. एका संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघं बसा. आधी मत्तय 25 वाचा: भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी, तुरुंगातला. मग पक्षांचे जाहीरनामे उघडा आणि या प्रत्येकाविषयी कोण काय म्हणतो, ते त्याला शोधू द्या. घरभाडं, निर्वासित, दवाखान्यातली प्रतीक्षा, सगळं येईल त्यात. 'परका' या शब्दापाशी थोडं थांबा, तुम्ही स्वतः विमानतळावर उतरलात तो दिवस त्याला सांगा. सगळ्या कसोट्यांना उतरणारा पक्ष बहुधा सापडणार नाही. त्याने तुमच्यापेक्षा वेगळं मत दिलं तर देऊ द्या, आणि कुणाला दिलंस हे विचारू नका.

ग्रुपवर वाद घालू नका. पाळकसाहेबांना उपासनेनंतर एकटं गाठा आणि मुलाचा प्रश्न त्याच्याच शब्दांत त्यांच्यापुढे ठेवा.

जाता जाता: तुम्ही कॅनडाचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डावर) मिरजेत मतदान करता येत नाही. घरात कुणाचा भारतीय पासपोर्ट अजून असेल, तर फॉर्म 6अ भरून मतदार यादीत नाव घालता येतं, मात्र मत द्यायला केंद्रावर स्वतः यावं लागतं.